परतीची वायर

"मग दिवसभर मी दुसरं करतो तरी काय, भंतेजी? ऐकतोच ना?"

तन्मय रामटेकेनं हे विचारलं तेव्हा त्याच्या गळ्यात हेडफोन होता आणि बोलण्याला चांगलीच धार चढली होती.

भंते सुमनतिस्स विहाराच्या पायरीवर बसून चीवराचं उसवलेलं टोक शिवत होते. सुईत दोरा ओवून झाला. मग त्यांनी मान वर केली.

"काम ऐकण्याचं करतोस," ते म्हणाले. "ते खरं आहे."

…आणि पुन्हा शिवायला लागले.

आता एवढ्यानं कुणाचं समाधान व्हायचं? तन्मयचं तर मुळीच नाही. मुंबईत त्याच्या कानाचा मोठा दबदबा होता. नाटकवाले, सिनेमावाले त्याला गाडी पाठवून बोलावून नेत. पंख्याची घरघर ऐकून त्याचं कोणतं बेअरिंग गेलं ते सांगणारा हा माणूस. आणि त्याला भंडाऱ्याकडच्या चिचटोल्यात, तलावाकाठच्या टेकडीवर बसलेला एक म्हातारा भिक्खू सकाळी सगळ्यांदेखत म्हणाला होता, की बाबू, तू अजून ऐकायला शिकला नाहीस.

लागलं ते त्याला. लागणारच.

तसा तो ध्यान शिकायला म्हणून आला होता. पण डोळे मिटले रे मिटले, की आत त्याचा स्वतःचा आवाज सुरू. हा असा बसलाय, तो तसा बसलाय. घंटा जरा बेसूरच आहे. आपला श्वास मात्र आज काय सुरेख चाललाय. जगाचे आवाज त्यानं स्वच्छ करून दिले आणि हा एक काही केल्या बंद होईना. भंतेजींना विचारावं, तर ते हसायचे, नाहीतर झाडू हातात द्यायचे.

त्याच दुपारी शेवंताबाई खोब्रागडे टेकडी चढून आल्या.

त्यांचे यजमान दयाराम नुकतेच गेले होते. चिचटोल्यातला प्रत्येक माणूस दयारामांना ओळखत होता, कारण दर रविवारी विहारात वंदना घ्यायचे ते तेच. गळा काही गोड नव्हता, पण शब्द असा खणखणीत, की तलावापलीकडे म्हशी धुणारा माणूससुद्धा हात जोडायचा. ते पुढे म्हणायचे आणि गाव त्यांच्या मागे म्हणायचं.

जाताना त्यांनी एकच इच्छा सांगितली होती. माझ्या पुण्यानुमोदनाला वंदना माझ्या पोरानं घ्यावी. तो असेल तिथून घ्यावी, पण त्यानंच घ्यावी.

पोरगा, म्हणजे राष्ट्रपाल, आखातात एका बांधकामावर क्रेन चालवायचा. बापाला खांदा द्यायला त्याला येता आलं नाही. आताही सुट्टी मिळाली नव्हती. जेवणाच्या सुट्टीत फोनवर बसू देतो, एवढं तिथल्या साहेबानं कबूल केलं होतं.

शेवंताबाईंनी पायरीवर पदर पसरून तीन वेळा वंदन केलं आणि उठताना त्यांची नजर तन्मयच्या हेडफोनवर गेली.

"हे आवाजाचे इंजिनेर आहेत म्हणतात," त्या म्हणाल्या. "माह्या पोराले म्हणता येईन ना जी? त्याचा आवाज गावाले आणि गावाचा त्याले?"

भंतेजींनी तन्मयकडे पाहिलं.

तन्मय हसला. आजी, हा माझ्या डाव्या हाताचा खेळ आहे, असं तो म्हणाला. राष्ट्रपाल तिकडे बोलेल, गाव मागून म्हणेल, आणि नागपूर-पुण्याचे सगळे नातेवाईक घरबसल्या ऐकतील.

"सगळ्यांना सगळं ऐकू जाईल," त्यानं सांगितलं. "कुणाला काही कमी पडणार नाही."

भंतेजींचा हात थांबला.

"सगळ्यांना… सगळं?"

"सगळं, भंतेजी."

 त्यांनी दोरा दातांनी तोडला.

पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी तन्मयनं विहाराच्या कोपऱ्यात टेबल मांडलं. काम वाटतं तेवढं सोपं नव्हतं, हे त्याच्या बाजूनं सांगायला पाहिजे. कॉम्प्युटर एकच; पण त्यात राष्ट्रपालचा फोन यायचा एका प्रोग्रॅममध्ये, विहारातला माइक शिरायचा दुसऱ्यात, आणि नातेवाइकांना प्रक्षेपण जायचं तिसऱ्यातून. हे तिन्ही प्रोग्रॅम एकाच पडद्यावर शेजारी शेजारी. पण एकमेकांशी बोलतील तर शपथ. एका घरात नांदणाऱ्या, अबोला धरलेल्या जावाच जणू. एकीचा आवाज दुसरीच्या कानात घालायचा, तर मध्ये न दिसणारी वायर टाकावी लागते. तन्मयनं अशा वायरी भराभर टाकल्या. पडद्यावर एक चौकटींचा तक्ता उघडला. आडवं लिहिलेलं, कोण बोलणार. उभं लिहिलेलं, कोण ऐकणार. ज्याचा आवाज ज्याला पाठवायचा, तिथं बरोबरची खूण करायची, की झाली वायर.

दयारामांचे धाकटे भाऊ मनिरामकाका कौतुकानं पाहत उभे होते. वायर तर कुठं दिसत नाही, असं त्यांनी विचारलं.

तन्मयनं कपाळावर बोट ठेवलं. सगळ्या वायरी इथं आहेत, काका.

दिसणाऱ्या वाटांची त्यानं फार निगुतीनं काळजी घेतली. कर्ण्यांतून आलेला राष्ट्रपालचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरू नये, म्हणून कर्णे पुढच्या खांबांना बांधून विहाराबाहेरच्या मंडपाकडे तोंड करून ठेवले, आणि माइक त्यांच्या पाठीमागे, विहारात बायका बसणार त्या पहिल्या रांगेपुढं. टाळी वाजवून पाहिली. आवाज परत फिरला नाही. कॉलच्या प्रोग्रॅममध्ये परत फिरलेला आवाज आपोआप पुसून टाकायची सोय असते, तीही त्यानं बंद केली. त्या सोयीनं आवाजाचा कस जातो, असं त्याचं ठाम मत. इथं आपला हात असताना त्या कुबड्या कशाला?

मग राष्ट्रपालला फोन लावला. आवाज येतो का, असं विचारलं.

"येतो जी. एकदम साफ."

आणखी काही सांगायचंय का?

 राष्ट्रपाल अडखळत म्हणाला, नाही जी. तुम्ही एवढे मोठे माणूस आमच्यासाठी करून राहिले, अजून काय सांगू?

तन्मयनं मान डोलावली आणि फोन ठेवला. त्याच्या धंद्यातला माणूस अशा वेळी काय करतो? कानांवर हेडफोन चढवतो आणि ऐकतो. त्यानंही विहाराचा माइक ऐकला, प्रक्षेपण ऐकलं, राष्ट्रपालचे शब्द पुन्हा लावून ऐकले. सगळं आरशासारखं लख्ख होतं. ऐकून पाहायचं त्यानं काही बाकी ठेवलं नाही. तिकडच्या माणसाच्या जागी बसून बोलून मात्र पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माणसं टेकडी चढायला लागली. धानाची कापणी ऐन भरात होती, तरी दयारामांसाठी लोकांनी विळे घरी ठेवले होते. पांढरी लुगडी, पांढरे सदरे. प्रतिमांपुढं मेणबत्त्या लागल्या, अगरबत्तीचा वास भरला. दयारामांच्या फोटोला पांढऱ्या फुलांचा हार होता. फोटोसमोर शेवंताबाई बसल्या होत्या, ताठ. सकाळपासून त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. पोराची वंदना झाली की मग, असं त्यांनी सुनेला सांगितलं होतं.

फोन लागला.

"जय भीम जी सगळ्यायले," कर्ण्यांतून राष्ट्रपालचा आवाज आला आणि मंडपातल्या निम्म्या माणसांचे डोळे पाणावले. आवाज थेट बापाचा होता.

भंतेजींनी सुरुवात करायला सांगितलं. सगळ्यांनी हात जोडले.

"नमो तस्स…"

आणि तो थांबला.

पुन्हा सुरुवात केली. "नमो… त… तस्स… भग…"

पुन्हा थांबला.

गाव हात जोडून वाट पाहत होतं. मागे म्हणायचं तर कशाच्या मागे? कर्ण्यांतून अर्धवट शब्द येत होते, लांबलेले, अडकलेले, एकावर एक चढलेले. लहानपणी बापाच्या मांडीवर बसून पाठ केलेली वंदना, झोपेतून उठवलं तरी म्हणेल असा हा मुलगा, आणि त्याची जीभ पहिल्याच ओळीत अडत होती.

"भरून आलं पोराचं," कुणीतरी पुटपुटलं.

बायका पदरानं डोळे टिपायला लागल्या. तन्मयनं हेडफोन घट्ट दाबला. आवाज स्वच्छ होता. पडद्यावरचे दिवे हिरवे होते. एकही पट्टी तांबडी झाली नव्हती.

राष्ट्रपालनं तिसऱ्यांदा सुरुवात केली आणि या वेळी तर तो दोन अक्षरांपलीकडे गेलाच नाही.

"आई…" तो म्हणाला. "मले… मले बोलता… येऊन नाही राहिलं… माफ… माफ कर वं…"

शेवंताबाईंनी फोटोकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

मनिरामकाका वाकून टेबलापाशी आले. यंत्रात काही बिघाड आहे का, असं त्यांनी हलकेच विचारलं.

तन्मयला तो प्रश्न आवडला नाही. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणतात. त्याला तर नाचता येत होतं, म्हणून अंगणाकडे बोट दाखवताना त्याला जरासुद्धा अपराधी वाटलं नाही.

"माझ्याकडून सगळं बरोबर आहे, काका," तो म्हणाला. "माणूस गहिवरलाय. त्याला यंत्र काय करणार?"

मनिरामकाकांनी सुस्कारा टाकला. मग ते भंतेजींकडे गेले. पोराला आणखी लाजवण्यात अर्थ नाही, त्याची सुट्टीही संपत येईल; वंदना आपणच घ्यावी, असं त्यांनी हात जोडून सांगितलं. दोन-चार वडीलधाऱ्यांनीही माना हलवल्या. म्हणणं काही वावगं नव्हतं.

"नाही जी," शेवंताबाई म्हणाल्या. एवढंच. पण त्यांच्या आवाजात काय होतं, ते तिथं बसलेल्या आईबापांना सांगायला नको होतं. दयारामांचा शब्द पडत होता, आणि तो पोराच्या तोंडून पडत होता. तिकडे परक्या मुलखात बसून त्या मुलानं जन्मभर हेच उगाळलं असतं, की बापासाठी चार ओळी म्हणायच्या होत्या, त्याही मला जमल्या नाहीत.

भंतेजी आसनावरून उठले.

आता ते वंदना घेणार, असं सगळ्यांना वाटलं. पण ते माइककडे गेलेच नाहीत. चालत कोपऱ्यात टेबलाशी आले, आणि तन्मयच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले.

"ते काढ," ते म्हणाले.

तन्मयनं हेडफोन काढला.

"वंदना म्हण."

"मी? भंतेजी, आत्ता…"

"म्हण."

तन्मय गोंधळला. सगळं गाव बघत होतं. पण वंदना त्यालाही आईच्या दुधाबरोबर मिळालेली. त्यानं हात जोडले, घसा साफ केला आणि सुरुवात केली.

"नमो तस्स भगवतो…"

त्याच्या कानाशी भंतेजींचा आवाज आला. तेच शब्द. पण अर्धा श्वास उशिरा.

तो 'भगवतो'वर पोचला तेव्हा कानात 'तस्स' पडलं. तो पुढे जाऊ लागला तर मागून 'भगवतो' आलं. जीभ अडली. त्यानं आवाज चढवला. भंतेजींनीही चढवला. त्यानं घाई केली. भंतेजींनीही केली. अर्धा श्वास मागे, बरोबर अर्धा श्वास.

"नमो… त… तस्स… भग…"

तन्मय थांबला.

मागचा आवाजही थांबला.

…

त्यानं खुर्चीत वळून पाहिलं. भंतेजींच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसू नव्हतं.

"रडणारा श्वासाला अडतो," ते हळूच म्हणाले. "तो शब्दाला अडतोय."



तन्मयनं पडद्यावरचा तक्ता पाहिला. उभ्या रांगेत राष्ट्रपालचं नाव होतं, ऐकणारा म्हणून. त्याच्या खाली दोन खुणा. विहाराचा माइक, खूण.  आणि आडव्या ओळीत जिथं राष्ट्रपालचंच नाव बोलणारा म्हणून होतं, तिथंही खूण. सगळ्यांना सगळं! राष्ट्रपालचा आवाज समुद्र ओलांडून इथं येत होता, आणि न दिसणाऱ्या वायरीनं पुन्हा समुद्र ओलांडून त्याच्याच कानात जाऊन पडत होता, अर्धा श्वास उशिरा. या टोकाला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. इथं प्रत्येक शब्द एकदाच, स्वच्छ. वैरी फक्त तिकडे, बोलणाऱ्याच्या कानात.

हे तन्मयला माहीत नव्हतं असं नाही. ज्याला आवाज परत पाठवायचा, त्याच्या वाट्यातून त्याचा स्वतःचा आवाज वजा करायचा असतो, हा त्याच्या धंद्यातला अगदी पहिला धडा. नव्या पोरांना तो स्वतः शिकवायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्यानं माऊस सरकवला आणि ती एक खूण काढली.

एवढंच. चौकट रिकामी झाली. आता राष्ट्रपालला पुन्हा सुरू करायला सांगितलं असतं, तर काम झालं असतं. कुणाला कळलंही नसतं. पोरानं स्वतःला सावरलं, असं म्हणून गावानं डोळे पुसले असते. आणि इंजिनेर साहेबांचं नाव झालं असतं.

तन्मयचा हात माऊसवर तसाच राहिला.

भंतेजी मागे उभे होते. ते काही सुचवत नव्हते, खाकरतही नव्हते. शेवंताबाईंची मान अजून खालीच होती.

तन्मय उठला. विहाराच्या मधोमध चालत जाऊन माइकसमोर बसला. एवढ्या वर्षांत लोकांच्या तोंडापुढं त्यानं किती माइक धरले असतील. स्वतःच्या तोंडापुढं धरायची वेळ क्वचितच आली होती. 

"राष्ट्रपालदादा," तो म्हणाला. "चूक तुमची नाही. तुमचा आवाज मी तुमच्याच कानात परत पाठवत होतो. त्यात कुणालाही बोलता येत नाही, मलाही आलं नाही. मघाशी मी काकांना म्हणालो, की तुम्ही गहिवरलात, माझं सगळं बरोबर आहे. ते खोटं होतं. आता काढलंय मी ते. तुम्ही म्हणा."



…

मग राष्ट्रपालचा श्वास ऐकू आला. खोल, लांब.

"कालपासून येऊन राहिला होता जी तो," तो दबक्या आवाजात म्हणाला. "मले वाटलं, विहार घुमत असंन. तुमाले कसं सांगू?"

हे तन्मयच्या वर्मी बसलं. कालच तो सांगणार होता. आणि आपणच एवढे मोठे होऊन बसलो, की त्याला तोंड उघडवेना. तन्मयनं खाली मान घातली आणि माइक पुन्हा बायकांकडे वळवला.

"नमो तस्स भगवतो अरहतो…"

राष्ट्रपालनं म्हटलं, आणि गावानं मागे म्हटलं. आधी बिचकत. कुठं अडतोय की काय म्हणून कान देऊन. दुसऱ्यांदा जरा मोकळं. तिसऱ्या वेळेला मंडपातले सगळे एका आवाजात होते. त्रिसरण झालं. पंचशील झालं. शब्द दयारामांसारखाच खणखणीत पडत होता. तलावाच्या पलीकडे धान कापणारी दोन माणसं उभी राहिली आणि त्यांनी विळे खाली ठेवून हात जोडले, हे मनिरामकाकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

पंचशील संपलं तेव्हा राष्ट्रपाल थोडा थांबला. सगळ्यांना वाटलं, पुन्हा काही झालं.

"आई," तो म्हणाला. "आता माझा आवाज मले येत नाही. तुमचाच येतो. सगळा गाव येतो. बाबाले असाच येत असंन ना वं, दर रविवारी?"

 शेवंताबाईंनी नुसती मान हलवली. फोनवर मान दिसत नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. मग सुनेनं त्यांच्या वतीनं हो म्हटलं. आणि मग राष्ट्रपाल रडला. मनमोकळं, श्वासाला अडत, बापासाठी पोरानं रडावं तसा. आणि कुणीही त्याला गप्प केलं नाही.

तिकडे भोंगा झाला. सुट्टी संपली होती. आई, जेवून घे, एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला.

शेवंताबाईंनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. मग त्या उठून टेबलापाशी आल्या. तन्मय उभा राहिला. आता काय ऐकावं लागणार, याची त्याला धास्ती होती. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्याला पंगतीत बसायला सांगितलं. खीर गरम आहे म्हणाल्या. त्या हातानं तो जेवढा हलला, तेवढा शिव्यांनी हलला नसता.

उन्हं कलली, माणसं टेकडी उतरून आपापल्या धानाकडे गेली. तन्मय खांबांचे कर्णे सोडवत होता. भंतेजी सतरंज्या झटकत होते. 

मग तन्मय वायरीची गुंडाळी हातात घेऊन त्यांच्यापुढं जमिनीवर बसला.

"भंतेजी, तक्त्यातली खूण मला सापडली," तो म्हणाला. "आतली कुठं आहे? डोळे मिटले की माझाच आवाज येतो. वंदना म्हणताना येतो, आज त्या माउलीनं डोक्यावर हात ठेवला तेव्हासुद्धा आला. म्हणत होता, बघ, तू किती खरं बोललास. मला याचा वीट आलाय. तो बंद कसा करू, तेवढं सांगा."

भंतेजींनी सतरंजीचं एक टोक त्याच्या हातात दिलं. दुसरं स्वतः धरलं. दोघांनी मिळून ती झटकली, घडी घातली.

…

"बंद कशाला करतोस, बाबू?" ते म्हणाले. "जाऊ दे त्याला. फक्त परत बोलावू नको."